छत्री रंगवलेला भोंगा

जुना भोंगा आहे मी, मित्रांनो. अकोला आणि अमरावतीच्या मधे एक तालुक्याचं गाव आहे. तिथल्या एका ऑटोच्या टपावर मला बांधलेलं असतं. माझं तोंड रुंद आणि मान निमुळती आहे. मानेच्या मागे डबीएवढं युनिट बसवलेलं आहे. बोलणारं जे काही आहे ते त्या डबीत. मी नुसता पत्रा. पण पत्र्यानंही पुष्कळ ऐकलेलं असतं, म्हणून आज तुम्हाला चार गोष्टी सांगतो.

माझा जन्म दूर दिल्लीकडच्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा गोल पत्रा फिरत्या साच्यावर दाबून एका कारागिरानं मला घडवलं. गवताच्या पेंढ्यात गुंडाळून रेल्वेनं अकोल्याला आणलं आणि एका दुकानाच्या छताला उलटं टांगलं. तिथं किती दिवस धूळ खाल्ली कोणास ठाऊक. मग एके दिवशी अन्सार आला. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. त्यानं मला टिचकी मारली, नाद ऐकला आणि वाजवून दाखवा म्हणाला. दुकानदारानं माईक त्याच्याच हातात दिला. बिचाऱ्याला बोलायला काही सुचेना. समोर एक पाटी होती, ती त्यानं मोठ्यानं वाचली. "सरकी-ढेप मिळेल." त्याबरोबर रस्त्यानं जाणारा एक शेतकरी दुकानात शिरला आणि ढेपेचा भाव विचारू लागला. सगळे हसले, अन्सार लाजला. पण मला त्याच क्षणी कळलं की या पोराच्या आवाजावर माणसं विश्वास ठेवतात.

मित्रांनो, तेव्हा ऑटो नव्हता. नत्थुजींची तीनचाकी सायकल रिक्षा होती. नत्थुजी पायडल मारायचे, अन्सार मागच्या बाजूला बॅटरी पायाशी घेऊन बसायचा आणि मी दांड्यावर बांधलेला. सर्कस आली, उर्स भरला, नळाला उद्या पाणी नाही, पोलिओचा डोस पाजा, हिरव्या फ्रॉकातली मुलगी हरवली आहे, हे सगळं गावाला माझ्याच तोंडून कळायचं. हरवलेली मुलगी सापडली की नत्थुजी तिला रिक्षात बसवून घरी सोडायचे आणि चहा घेतल्याशिवाय हलायचे नाहीत.

निवडणूक आली की आमची चंगळ. सकाळी एका पक्षाचं कापड माझ्या मानेभोवती गुंडाळायचं, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी तिसऱ्याचं. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. अन्सार फक्त उमेदवाराचं नाव आणि चिन्ह सांगायचा, कोणाला नावं ठेवायचा नाही. हा दंडक नत्थुजींचा. ते म्हणायचे, "सकाळी ज्याले देव म्हणशीन त्याले दुपारी चोर म्हटलं, तं मी रिक्षा नालीत घालीन."

पण आमचं खरं काम वेगळंच होतं. आमच्या भागात कोणी वारलं की गावभर गाडी फिरवून ते कळवतात. घरोघर निरोप धाडणं होत नाही, म्हणून ही रीत. त्या वेळी नत्थुजी माझ्यावरचं प्रत्येक कापड उतरवायचे. मोकळा भोंगा घेऊन रिक्षा सावकाश निघायची. अन्सारचा आवाज खाली यायचा, शब्दाशब्दात श्वासाएवढी जागा सुटायची. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की..." एवढं कानावर पडलं की बायका गॅस बारीक करून उंबऱ्यात येत, पुरुष डोक्यावरची टोपी नीट करत. हिंदू घरचं असेल तर मोक्षधामाचं नाव यायचं, मुसलमान घरचं असेल तर अन्सार उर्दूत जनाज्याच्या नमाजाची वेळ सांगायचा. त्या आवाजाला गावातलं एकही दार बंद राहत नसे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

मग दिवस पालटले. नत्थुजींचे गुडघे गेले, रिक्षा भंगारात गेली. अन्सारनं जुना ऑटो घेतला आणि त्यात सवाऱ्या नेऊ लागला. प्रचाराला आता टीव्हीसारख्या पडद्याच्या चकचकीत गाड्या येत, त्यांत गाणी आधीच भरलेली असत. मौतीची खबर तेवढी आमच्याकडे राहिली. ती नसेल तेव्हा मी अन्सारच्या माडीवर उताणा पडून असे. त्याची बायको नसीमबानो माझ्यात कांदे ठेवी. कांद्यांचा मला राग नाही, मित्रांनो. पण एखादा कांदा कुजला की मी विचार करायचो की हेच आपलं उरलेलं आयुष्य.

यंदाच्या विधानसभेच्या निवडणुकीत मात्र नवल घडलं. लढत तिरंगी होती. छत्री या चिन्हावर चिंतामणराव वकील उभे होते, बादलीवर पौर्णिमाताई आणि शिडीवर अनुपभाऊ. तिघांची ताकद इतकी सारखी की पानठेल्यावरचे ज्योतिषीही गप्प झाले होते. अशात एका सकाळी चिंतामणराव स्वतः अन्सारच्या घराच्या पायऱ्या चढून आले. म्हणाले, गाण्यांना लोक कंटाळले आहेत, आम्हाला जिवंत माणसाचा आवाज पाहिजे, आणि गावात आवाज तुमचाच. अट एकच, या वेळी फक्त आमच्यासाठी बोलायचं.

अन्सारनं विचार करायला वेळ मागितला नाही. इतक्या वर्षांनी त्याच्या गळ्याला कोणी आवाज म्हटलं होतं. नसीमबानोनं माझ्यातले कांदे टोपलीत ओतले आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आवाज को दूल्हा बना रहे, अजी. बाद में कांदे कहाँ रखूँ वो भी बता देना."

छत्रीच्या पोरांनी मला कापड गुंडाळलं नाही. कापड वाऱ्यानं उडतं म्हणून त्यांनी पेंटर बोलावला आणि माझ्या तोंडाच्या पत्र्यावर भली मोठी निळी छत्री रंगवून घेतली. मीही खुश होतो, खोटं कशाला सांगू?

आठवडाभर आम्ही फिरलो. पण लोक बाहेर येईनात. एका गाडीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, सगळ्या गावाचे कान किटले होते. तेव्हा वकिलांच्या कार्यालयातल्या कोणा हुशार पोराला युक्ती सुचली. अन्सार क्षणभर घुटमळला. माईक त्याच्या ओठांशी होता, म्हणून त्याचा अडखळलेला श्वास मला ऐकू आला. मग त्यानं आवाज खाली आणला.

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की... आपल्या गावच्या डांबरी रस्त्याचे... दीर्घ आजाराने... निधन झाले आहे."

दारं उघडली. बायका उंबऱ्यात आल्या, आणि गल्लीच्या गल्ली हसायला लागली. पोरांनी ते मोबाईलवर घेतलं, संध्याकाळपर्यंत ते अमरावतीपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी नळयोजना वारली, तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना. चिंतामणरावांनी अन्सारच्या पाठीवर थाप मारली. बादलीवाल्या आळ्या तेवढ्या चिडल्या, आमची गाडी दिसली की फटाफट दारं लावू लागल्या.

नत्थुजींचं घर तशाच एका आळीत होतं. ते अंगणात बाजेवर पडलेले असायचे. त्यांनी हात करून ऑटो थांबवला.

"रस्ता मेला म्हणे?"

"हौ नत्थुजी," अन्सार हसत म्हणाला. "लोक पोट धरून हसून राहिले."

"हसतीनच. पण तो आवाज मेलेल्यायचा हाये, अन्सार. जित्यायच्या कामासाठी उसना नोको घेऊ."

"इलेक्शन झालं का वापस करतो ना."

"कोणाले करशीन?"

अन्सारनं हसण्यावारी नेलं आणि गाडी पुढे काढली.

प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी भोंगे बंद होणार होते, म्हणून तिन्ही पक्षांनी सकाळपासून जोर लावला होता. आम्ही निघण्याच्या तयारीत होतो तेवढ्यात निरोप आला. नत्थुजी पहाटे झोपेतच गेले होते.

नत्थुजींना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको भागीरथाबाई आणि दोन म्हाताऱ्या शेजारणी, एवढंच माणूस घरात. चार वाजता न्यायचं ठरलं होतं, पण आळीतले पुरुष प्रचाराला गेलेले आणि खांदा द्यायला कोणी नव्हतं. अन्सारनं वकिलांचा फोन घेतला नाही. ऑटोवरचे झेंडे, पताका, फलक सगळं उतरवलं. माझ्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. कापड असतं तर निघालं असतं. रंग कसा निघणार? त्यानं पत्र्यावर पालथा हात दोनदा घासला आणि तसाच निघाला.

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की... श्री नत्थुजी... "

पहिल्याच गल्लीत कोणीतरी ओट्यावरून विचारलं, आज कोण मेलं अन्सारभाई, नगरपालिका का? पुढच्या गल्लीत टाळ्या पडल्या. बादलीच्या आळीत तर खिडक्याही लागल्या. अन्सार ही खरी खबर आहे असं जितकं कळवळून सांगे, तितके लोक जास्त हसत. नत्थुजींचं नाव घेता घेता तो रडू लागला. तेव्हा पानठेल्यावरचा एकजण कौतुकानं म्हणाला, "आज तं रडून बी दाखवून राहिला बुवा."

मित्रांनो, माझं काम आवाज मोठा करणं. त्या सकाळी मी तो हवा तेवढा मोठा केला, आणि त्यानं काहीही झालं नाही.

आम्ही परत नत्थुजींच्या दारी आलो. आत नसीमबानो भागीरथाबाईंपाशी बसली होती. भागीरथाबाईंनी विचारलं, लोक येऊन राहिले ना? अन्सार दारातूनच मागे फिरला.

तो सरळ चौकात गेला. तिथं बादलीची गाडी उभी होती. तिच्यावर करिश्मा नावाची कॉलेजातली मुलगी माईक घेऊन बोलत होती. अन्सारनं तिला हात जोडले. पण तिच्याभोवतीची माणसं मधे पडली. शेवटचे दोन-चार तास उरले असताना आमची गाडी बंद पाडायची ही छत्रीची नवी चाल, असं ती माणसं म्हणाली. त्यांचंही काय चुकलं? ते एकेका मतासाठी झुंजत होते.

अन्सारनं वाद घातला नाही. ऑटोच्या टपावर चढून त्यानं माझी वायर काढली, नट सैल केले आणि मला उचलून त्यांच्या गाडीसमोर रस्त्यावर पालथं ठेवलं.

"हा तुमच्यापाशी राहू द्या. खबर खोटी निघाली तं इथंच गाडीखाली घाला. माह्या तोंडचं कोणी खरं मानून नाही राहिलं, पोरी. तू सांग."

करिश्मानं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग कोणालाही न विचारता तिनं गाणं बंद केलं.

तिला ती रीत ठाऊक नव्हती. मत मागावं तशी ती घाईनं बोलून गेली. अन्सार गाडीच्या पायरीवर बसला आणि तिला हळूच म्हणाला, "नावापाशी थांब बाई. ऐकणाऱ्याले माणूस आठवू दे." पुढच्या वेळी ती नत्थुजींच्या नावापाशी थांबली. मी डांबरावर पालथा पडलो होतो, मला काही दिसत नव्हतं. गाडीबरोबर तिचा आवाज लांब गेला. मग चौकाभोवतीच्या घरांच्या कड्या निघू लागल्या. आधी एक, मग पुष्कळ.

चार वाजता अंगणात माणसं मावेनात. कितीतरी जणांना नत्थुजींनी लहानपणी शाळेत सोडलं होतं. कोणाच्या गळ्यात बादलीचा गमछा, कोणाच्या शिडीचा, काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. चिंतामणरावही आले आणि शेवटपर्यंत चालले. हे मला करिश्मानं सांगितलं. संध्याकाळी मला पोचवायला ती स्वतः आली होती आणि मी जणू माणूस असल्यासारखी माझ्याशी बोलत होती.

निकाल लागला तेव्हा शिडी थोडक्या मतांनी वर निघाली. छत्रीची काही पोरं आजही म्हणतात, शेवटच्या दिवशी अन्सार फिरला असता तर चित्र वेगळं असतं. असेलही.

अन्सारनं मला घासून करडा रंग दिला. पण टपावर चढवलं नाही. आता कोणासाठी बोलू, म्हणायचा. नत्थुजींची तेरवी आली तेव्हा भागीरथाबाईंनी त्यालाच बोलावलं. तो म्हणाला, दुसऱ्या कोणाला सांगा, माझं कोणी ऐकत नाही.

"ऐकतीन का नाही, ते लोकायले पाहू दे," त्या म्हणाल्या. "तुले खरं बोलता येते ना? मंग बोल."

आम्ही निघालो. अन्सारनं तेरवीचा दिवस आणि जागा सांगितली, आवाज खाली ठेवून, नावापाशी थांबून. पहिली दोन-तीन घरं बंदच राहिली. मग एक दार अर्धवट उघडलं. एक बाई पदर सावरत पायरीपर्यंत आली, आधी तिनं मला न्याहाळलं, मग अन्सारला.

"खरं हाये का, भाऊ?"

अन्सारनं माईक खाली ठेवला आणि ऑटोतून उतरला. "खरं हाये, बाई," तो म्हणाला. बाईनं मान हलवली आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.

मित्रांनो, तेव्हापासून आमचं असंच चालतं. लोक येतात, पण आधी विचारतात. अन्सार रागावत नाही. प्रत्येक वेळी गाडी थांबवून खाली उतरतो आणि उत्तर देतो. तुम्ही माझा पत्रा पुसलात, नट आवळलेत, तर मला आनंदच आहे. पण तुमच्या बोलण्यावर कोणी डोळे झाकून दार उघडत असेल, तर आधी ते जपा. मी पुष्कळ वेळा दुरुस्त झालो आहे. युनिट जळतं, वायर तुटते, रंग उडतो, ते सगळं बाजारात मिळतं. न विचारता उघडणारं दार मात्र आम्हाला अजून कुठं मिळालेलं नाही. अन्सार रोज सकाळी मला टपावर बांधतो आणि आम्ही हळूहळू गल्ल्यांमधून जात राहतो.