कुत्रेवाला पास झाला

"ज्या घराला पहारा नाही, त्या घराला भविष्य नाही!" नापासरावांनी जाहीर केलं. त्या वाक्याचा घुमारा पुरता विरायच्या आतच त्यांच्या लक्षात आलं, की आपण चहात बिस्किटाऐवजी चष्म्याची दांडी बुडवली आहे.

त्यांच्या पत्नीने, म्हणजे सगळी इमारत ज्यांना काकू म्हणते त्यांनी, निमूटपणे फडकं पुढे केलं.

"पहारा कशाला? घरात आपण दोघंच," त्या म्हणाल्या.

"घराला नाही. संगणकाला."

"मग तसं म्हणा ना. मला वाटलं कुलूप बदलताय."

संगणक जावयाचा जुना होता. नवा घेतल्यावर त्याने तो सासूला दिला होता आणि मुलीने त्यावर एक फुकटचा अँटिव्हायरस बसवून दिला होता. तो बिचारा कोपऱ्यात गप्प बसून असे. नापासरावांनी एके दिवशी तो काढूनच टाकला. फुकट राबणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याला जाब कोण विचारणार?

"बाबा, बाजारातला कुठलाही बरासा घ्या नि बसवा," मुलगी फोनवर म्हणाली. "आणि काही सापडलंच, तर आधी मला विचारा."

"उभा जन्म तपासणीत गेला माझा. तुला काय विचारायचं?"

हे मात्र खरं होतं. पंपांच्या कारखान्यात ते गुणवत्ता तपासनीस होते आणि नापासराव ही पदवी त्यांना कामगारांनी बहाल केली होती. केसभर फरक दिसला की यांचा लाल ब्रश फिरलाच. निवृत्तीच्या समारंभात फोरमन म्हणाला होता, "साहेब आज शेवटचे गेटबाहेर पडताहेत, आणि मघाशी मला म्हणाले, गेट डावीकडे झुकलंय." सगळे हसले. नापासराव हसले नाहीत, कारण गेट खरोखरच झुकलेलं होतं.

कारखान्यात खराब मालाला दोन वाटा होत्या. संशय असेल तर माल जाळीच्या खोलीत कुलपात ठेवायचा आणि सवडीने पुन्हा तपासायचा. खात्री असेल तर भंगारात. पण महिनाअखेरीला माल कमी पडला की हाच फोरमन जाळीतले पंप हळूच काढून पेट्यांत भरायचा. हे एकदा उघडकीला आलं आणि तेव्हापासून नापासरावांनी जाळी वापरणंच सोडलं. लाल ठिपका पडला, की तिथल्या तिथे हातोडा. "फुटलेला पंप कुणाला दगा देत नाही," असं ते म्हणत, आणि ते बरोबरच होतं. फुटलेला पंप कुणाला पाणीही देत नाही, हा भाग ते वगळत.

तर अँटिव्हायरस. नापासराव कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याकडे गेले आणि त्यांनी नमुने मागितले.

"नमुने?" दुकानदाराने विचारलं. "काका, हे काय शर्टाचं कापड आहे?"

"मी न तपासता काही घेत नाही."

दुकानदाराने मग काही दिवस फुकट चालणारे तीन अँटिव्हायरस दिले. एकावर ढालीचं चित्र होतं, एकावर किल्ल्याचं आणि एकावर कान टवकारलेल्या कुत्र्याचं. "एका वेळी एकच लावा हं," त्याने बजावलं. "नाहीतर आपसातच मारामाऱ्या करतात."

"तपासनीसांचं तसंच असतं," नापासराव अनुभवाने म्हणाले.

याच दिवसांत काकूंनी एकदा विचारलं होतं, "अहो, मला एक पेन ड्राइव्ह आणून द्याल? माझं थोडं काही काढून ठेवायचंय."

"बाहेरची वस्तू? आत्ता? अगं, पहारेकरी नेमायचाय अजून, आणि तू खिडकी उघडायला निघालीस! आधी संरक्षण, मग बाकीचं."

"बरं," काकू म्हणाल्या.

'माझं थोडं काही' म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. काकूंची बोटं अलीकडे आखडत, सुया धरवत नसत आणि विणकामाची पिशवी कपाटावर जाऊन बसली होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुपारी काकू संगणकापुढे बसून टिचक्या मारतात, हेही ठाऊक होतं. पत्ते खेळत असतील, असा त्यांचा समज होता. समज तपासून घ्यायची सवय त्यांना नव्हती, तपासायचा तो माल.

परीक्षा सुरू झाली. ढालवाल्याने सगळा संगणक पालथा घातला आणि काही सापडलं नाही म्हणून सांगितलं.

"नापास!" नापासराव म्हणाले. "काहीच दोष काढत नाही तो तपासनीस कसला? झोपला असणार."

"किंवा काही नसेलच," काकू म्हणाल्या.

"असं कधी असतं का?"

किल्लेवाल्याने दोन-चार किरकोळ गोष्टी काढल्या आणि त्याही फारशा घातक नाहीत अशी पुस्ती जोडली. ही पुस्ती त्याला भोवली. गुन्हेगाराची बाजू मांडणारा पहारेकरी नापासरावांना नको होता.

मग कुत्रेवाला आला. सुरुवातीपासूनच त्याचा आवाज मोठा. पडद्यावर लाल पट्टी, दर थोड्या वेळाने भुंकणं, आणि धोक्यांचा आकडा असा सरसर चढू लागला की नापासराव खुर्चीच्या टोकावर आले. शंभरी ओलांडली तेव्हा त्यांना कितीतरी वर्षांनी कारखान्यात उभं असल्यासारखं वाटलं.

"अगं, ये, बघ!" त्यांनी हाक मारली. "काय घाण साठली होती!"

"हात कणकेचे आहेत," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "सांगा तिथूनच."

"नावं तरी बघ मेल्यांची! गळा गोल, पाठ मोठी, खांदा डावा... माणसाचं एकेक अंग पोखरायला निघालेत."

आत नळ जोरात वाहत होता. काकूंपर्यंत 'निघालेत' एवढंच पोचलं. "निघाले ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

शेवटी कुत्र्याने विचारलं: हे संशयित वेगळे डांबून ठेवू, की कायमचे नष्ट करू? डांबून ठेवणं त्याच्या मते बरं होतं, आणि तसं त्याने ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. पण नापासरावांच्या डोळ्यांपुढे जाळीची खोली आली आणि जाळीमागून फोरमनचा हात. त्यांनी 'कायमचे नष्ट'वर टिचकी मारली. खाली आणखी एक चौकट होती: पुन्हा कधीही मिळू नयेत म्हणून वरून गिरगटून टाकू का? हा तर साक्षात हातोडा! त्यांनी तिथेही खूण केली.

कुत्रा समाधानाने भुंकला. 'तुमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे!'

"पास," नापासराव पुटपुटले. हा शब्द त्यांच्या तोंडून इतका क्वचित निघे, की त्यांचा त्यांनाच तो परका वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू संगणकापुढे बसल्या. बराच वेळ टिचक्या ऐकू आल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझे स्वेटर कुठे गेले?"

"कपाटात बघ."

"कपाटातले नाही. यातले."

नापासराव हसणार होते, पण काकूंचा चेहरा पाहून राहिले. संगणकात स्वेटर कसे असतील, हे त्यांना कळेना. काकूंनी मुलीला फोन लावला. ती सांगत गेली, तसतसं ते कळू लागलं.

सुया धरवेनाशा झाल्यावर मुलीने आईला चौकोनांचे तक्ते करून दिले होते. एक चौकोन म्हणजे एक टाका. त्या प्रत्येकात तिने स्वतः लिहिलेला एक चिमुकला प्रोग्रॅम घातला होता, चौकोनावर टिचकी मारली की रंग भरायचा. काकू दोन वर्षं दुपारभर असं विणत होत्या. गळे, पाठी, खांदे. आईकडून शिकलेली नक्षी, स्वतःला सुचलेली नक्षी. मुलीच्या ओळखीच्या एका लोकरवाल्या बाईंना ती सगळी हवी होती, त्या ती छापून विणणाऱ्यांना देणार होत्या. त्यासाठीच पेन ड्राइव्ह हवा होता.

"माझ्या त्या प्रोग्रॅमवरच कुत्रा भुंकला असणार, बाबा," मुलगी म्हणाली. "अनोळखी दिसला की भुंकतात ते. त्यात नवल नाही. पण चावायला कोणी सांगितलं त्याला?"

"मी," नापासराव म्हणाले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मुलगी हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी संगणक उचलला आणि दुकान गाठलं. दुकानदाराने बरीच खटपट केली, मग मान हलवली. "डांबून ठेवले असते ना काका, तर एका टिचकीत सोडवून दिले असते. नुसते पुसले असते तरी काहीतरी खरवडून काढलं असतं. पण तुम्ही तर वरून गिरगटून टाकलेत."

"एखादा तरी?"

"कुत्रा चांगला आहे हो," दुकानदार ओशाळून म्हणाला. "काम चोख करतो."

परतताना संगणक फार जड लागला. आतून तर तो हलका झालेला होता.

घरी त्यांनी तो जागेवर ठेवला, सगळ्या वायरी जोडल्या आणि उभेच राहिले. काकूंनी कपाटावरची पिशवी खाली काढली होती. मांडीवर निळा गुंडा होता. त्या विणत नव्हत्या, नुसत्या लोकर बोटांवर गुंडाळत होत्या.

"पुन्हा करू," नापासराव म्हणाले. "तू सांग, मी चौकोन भरतो."

"सगळे कुठे आठवतायत आता? पिवळ्याचा गळा काय जमला होता... आईचा टाका होता तो. हाताला येत होता, तोंडाने नाही सांगता यायचा."

"कुणाकुणासाठी होते?" नापासरावांनी विचारलं. विचारायला दोन वर्षं उशीर झाला होता, हे वाक्य पुरं होण्याआधीच त्यांना कळलं.

"लेकीचे होते. नातीचे. एक तुमचा होता."

"माझा? माप कधी घेतलंस?"

"माप कशाला घ्यायचं? इतकी वर्षं बघतेय. डावा खांदा खाली आहे तुमचा, चांगला दोन बोटं. विकतचा कुठलाच नीट बसत नाही. म्हणून तो खांदा वेगळा काढला होता, चार टाके जास्त घालून. फार वेळ लागला त्याला."

खांदा डावा. आपण हे नाव मोठ्याने वाचलं होतं, हसून, हे नापासरावांना आठवलं. त्यांचा हात आपसूक खांद्याकडे गेला. गेट झुकलंय, असं सगळ्या कारखान्याला सांगणाऱ्या त्या माणसाला हा खांदा कधी दिसला नव्हता.

ते सरळ उभे राहिले, म्हणजे त्यांच्याच्याने जेवढं सरळ राहवेल तेवढे. घसा खाकरला.

"आजपासून," ते म्हणाले, "या घरात तुला विचारल्याशिवाय कुठलीही गोष्ट, लहान असो वा मोठी, मी नापास करणार नाही. आयुष्यात मी जे जे फोडलं, त्यातलं किती पुन्हा तपासायला हवं होतं, हे मला आज..."

संगणक जोरात भुंकला. पडद्याच्या कोपऱ्यात कान टवकारलेला कुत्रा आला: 'अभिनंदन! तुमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे!'

काकूंनी गुंडा पिशवीत टाकला.

"ते नंतर बोलू," त्या म्हणाल्या. "आधी त्याचा आवाज बंद करता येतो का, तेवढं बघा ना."