त्रेचाळीस दगड

अपेक्षानं तुळशीभोवतीचा एक दगड उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बाण नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. दोन दिवस माहेरी तळेगाव ढमढेऱ्याला काय गेली, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दगड घासूनपुसून तुळशीभोवती मांडलेले.

"झ्याक दिसतंय न्हाई?" तिच्या सासूबाई, कस्तुराबाई, ओसरीवरून म्हणाल्या. "उद्या हळदीकुंकवाला बाया येनार."

"आई, हे माझ्या पीएचडीचे दगड होते."

"मग? हायेत की."

नवरा सत्यजीत मोटारसायकल पुसत होता. "अगं, दगडच ते. एक तरी हरवलाय का?"

संताप असा आला की तिला रडूही फुटेना. सासरच्या या खुटबावात जिकडंतिकडं काळा दगड. हा ग्रॅनाइट तिनं चार वर्षं कर्नाटकातले डोंगर तुडवून आणला होता, जागेवरच प्रत्येकावर उत्तरेचा बाण काढून. सोमवारी पुण्याच्या लॅबमध्ये कापायला न्यायचा होता.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी आपणहून विचारलं होतं, हे बाण कशापायी? लग्नाला सहा वर्षं झाली, या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं! वेडी हरखली. दगड मांडीवर घेऊन सांगत बसली.

"हे गुलाबी ठिपके, आई, यांना फेल्डस्पार म्हणतात. जमिनीच्या पोटात दगड तापला, दाबला गेला. बाकीचे कण लोण्यासारखे पसरले. हा पसरला नाही, कडांनी भरडत गेला. त्या भरड्याची शेपटी कुणीकडं वळली ते बघितलं, की दाब कुठल्या बाजूनं आला ते कळतं."

"आन् बाण नसला तर?"

"मग दाबला गेला एवढंच कळणार. कुणीकडून, ते नाही. सगळी मेहनत फुकट."

कस्तुराबाईंनी मान डोलावली होती. त्या दिवशी चहासुद्धा त्यांनीच टाकला होता.

अपेक्षानं हातातला दगड नाकाशी नेला.

"आई, हा मार्कर पाण्यानं जात नाही."

"न्हाईच गेला." कस्तुराबाई वाती वळत होत्या. "थिनर आनावं लागलं. दोन दिस घासत व्हते, हाताची सालं निघाली."

सत्यजीतचं फडकं थांबलं. त्यानं आईकडं पाहिलं, मग बादली उचलून तो पाणी बदलायला मागं निघून गेला.

"सोमवारी आता घरीच हायेस नव्हं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "कांदं काढायला बाया सांगितल्यात. त्यांचा सैपाक तुझ्याकडं."