शिंपिणीच्या घरट्यातला हिरवा धागा

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात मी एका अंगठ्याएवढ्या पक्षिणीची, तिच्या चार पिलांची आणि माझ्या हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीची हकीकत यथाशक्ती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झालेले आहे. तेव्हा भाषेत उणीव आढळल्यास ती माझी समजावी. हकीकतीत मात्र उणीव नाही, कारण ती मी या दोन डोळ्यांनी पाहिली आणि या दहा बोटांनी निभावली आहे.

मी मूळचा चोपडा तालुक्यातला. सन १९६१ साली सुरतेस आलो आणि उधना येथे मागांच्या एका कारखान्यात सांधणीच्या कामास लागलो. सांधणी म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागावरचा जुना ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या ताण्याच्या एकेका धाग्यास बोटांनी पिळून जोडावयाचा असतो. बोटांना राख लावून मांडी घालून बसावयाचे आणि असे हजारो धागे संपेपर्यंत मान वर करावयाची नाही. मी जोडलेला सांधा कापडात आजवर कोणास बोट ठेवून दाखवता आलेला नाही, हे मी गर्वाने नव्हे, पण अभिमानाने नमूद करतो.

आमच्या भाड्याच्या खोलीमागे आठ हात लांब व पाच हात रुंद अशी परसूची जागा आहे. आम्ही राहावयास आलो तेव्हा तिथे फुटक्या कांड्या आणि चिंध्यांचा ढीग होता. तो मी एकट्याने उपसला, एक लिंबाचे रोप लावले आणि पक्ष्यांसाठी मातीचे एक परळ पाणी भरून जमिनीवर ठेवले. दोन महिने एक चिमणीसुद्धा आली नाही. मांजर मात्र रोज येऊन पाणी पिऊन जाई. मग माझ्या ध्यानात आले की पक्ष्यास तहानेपेक्षा जीव मोठा असतो. मी परळ तारेने डोक्याइतक्या उंचीवर, लिंबाच्या काट्यांजवळ टांगले, म्हणजे भय वाटताच पक्ष्यास काट्यांत शिरता यावे. आठव्या दिवशी बुलबुलाची जोडी आली. पुढे बाजरीच्या दाण्यांवर चिमण्या व होले आले, पिकल्या पपईवर साळुंक्या आल्या, लिंबाच्या फुलांवर काळा चकचकीत शिंजीर आला. सन १९६९ पर्यंत माझ्या आठ हातांच्या परसूत सतरा जातींचे पक्षी येऊन गेले होते. पक्षी पाहणे म्हणजे दुसरे काही नसून आपण स्वतः खांब होणे आहे, असे माझे मत झाले आहे.

माझी पत्नी भागीरथी हिचे मत निराळे होते. ती आमच्या अहिराणीत म्हणे, "चिड्यासनी हाक तुमले लगेच ऐकू येस. मी हाक मारी तं कान बंद व्हतस का?"

यावर मी परळात पाणी भरावयास उठे.

त्या वर्षी भागीरथीने माहेरून भरिताच्या वांग्याचे बी आणून परसूत चार रोपे लावली होती. भाद्रपदापर्यंत त्यांची पाने तळहाताहून मोठी झाली. एके सकाळी एक हिरवट पाठीची, तांबूस डोक्याची, शेपटी उभी धरणारी इवलीशी पक्षीण त्यातील एका पानाशी खटपट करताना दिसली. ती चोचीने पानाच्या कडांना भोके पाडत होती आणि आमच्या वाळत घातलेल्या गोधडीतून दोरे उपसून त्या भोकांतून ओवत होती. दोन्ही कडा जुळून पानाची पिशवी होऊ लागली. वाचकहो, तो शिंपी पक्षी होता! मी जन्मभर धाग्यात वावरलेला मनुष्य, पण सुई नाही, दोरा नाही, गुरू नाही, आणि असे काम! माझे हात आपोआप जोडले गेले.

भागीरथी म्हणाली, "गोधडी उसवी टाकी ती. भाऊनी धाडेल कापूस शे ना घरमा, तो टांगा तिले."

माझ्या मेव्हण्याच्या शेतातला तो कापूस होता. दिव्याच्या वातींसाठी त्याने तो धाडला होता.

मी म्हणालो, "कापूस तुटी जाई. तिले मी मन्हा कारखानाना नायलॉन आणी देस. बैलले बी तुटणार नही असा!"

हीच माझी चूक. मागावर जो धागा तुटत नाही तो उत्तम, एवढेच आम्हा मागवाल्यांना ठाऊक. त्या दिवशी मी टाकाऊ धाग्यांच्या टोपलीतून पोपटी हिरव्या नायलॉनचा एक झुबका आणला आणि लिंबाला बांधला. पक्षिणीने तो प्रथम पाहिला, मग ओढला, मग नेला. तिसऱ्या दिवशी वांग्याच्या पानाच्या शिवणीत माझ्या कारखान्याचा हिरवा धागा उन्हात चमकू लागला.

मग माझा आनंद काय विचारावा! मी चहाच्या दुकानात सांगितले, कारखान्यात सांगितले, लोकांना घरी आणून दुरून दाखविले. आमच्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, छगनभाई, मूळचे सुरतेचेच, तेही सायकलवरून आले. त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिले आणि म्हणाले, "वाह, शालिगराम! आ दरजीडो तो आपणा कारखानानो कारीगर थई गयो. हवे एनो पगार कोण आपशे, तू के शेठ?"

सारे हसले. मीही हसलो. चार अंडी झाली, चार पिले झाली. आईबाप दिवसभर आळ्या आणून भरवीत. मी कामावरून आलो की पायातील वहाणा न काढता आधी परसूत जात असे.

पिले जन्मल्यापासून चौदाव्या सकाळी ती घरट्याबाहेर निघाली. मी कामावर निघण्याच्या बेतात होतो, कारण नऊ नंबरच्या मागावर नवा ताणा चढला होता आणि त्याची सांधणी माझ्याकडे होती. आईबाप लिंबावरून हाका मारीत होते. पहिले पिलू उडाले. दुसरे उडाले. तिसरे पडत पडत लिंबावर पोहोचले. चौथ्याने उडी घेतली आणि ते घरट्याखाली उलटे लोंबकळू लागले. पंख फडफडत होते, पण ते ना वर जाई, ना खाली पडे. मी जवळ गेलो. त्याच्या काडीएवढ्या पायास हिरव्या धाग्याचे वेढे पडले होते. वाढत्या पायात धागा रुतून बोटे काळी पडू लागली होती.

कापूस असता तर त्या धडपडीत केव्हाच तुटला असता. मी तर बैलासही न तुटणारा धागा दिला होता.

मी जागीच उभा राहिलो. भागीरथीने पाहिले, आणि मला बोल लावण्याऐवजी तिने त्या वातींच्या कापसाचा पुंजका तळहातावर पसरला, पिलू अलगद त्यात घेतले आणि म्हणाली, "आते रडू नका. हात चालाडा."

मी कातरीने घरट्याकडचा धागा कापला. पिलू सुटे झाले, पण पायाचे वेढे तसेच राहिले. तिथे कातर घालावी तर तिचे टोकच पायाहून जाड. ओढावा तर धागा अधिकच आवळे. आईबाप आमच्या डोक्यावरून कर्कश ओरडत घिरट्या घालीत होते.

इतक्यात पुढच्या दारी सायकलची घंटा वाजली आणि छगनभाई थेट परसूत आले. "अरे शालिगराम! नव नंबर बंध पड्यो छे, शेठ दरवाजे उभा छे, ने तू अहीं चकलीनी पूजा करे छे?"

मग त्यांनी भागीरथीच्या तळहाताकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "कापी नाख ने."

"कातरीने पायच जाईल, छगनभाई."

"तो छोड ने हवे. आटली नानी चकली माटे आखो कारखानो रोके?"

"चिमणी लहान आहे, पण धागा माझा आहे," मी म्हणालो. "तिने तो मागितला नव्हता. मी घरी आणून बांधला. तुम्ही शेठजींना जे सांगायचे ते सांगा. हा पाय सुटल्याशिवाय मी येणार नाही."

छगनभाई पुढे वाकले. मग त्यांनी खिशातून कापडाचे धागे मोजावयाचे आपले पितळी भिंग काढले, उघडले आणि पिलाच्या पायावर धरले. "जो," एवढेच म्हणाले.

भिंगातून मला तो पाय दोरखंड आवळलेल्या खांबासारखा दिसला. वेढे सहा होते. आणि मला धाग्याचा पीळ दिसला! तो कुठल्या बाजूस वळला आहे, हे या बोटांना सांगावे लागत नाही. आयुष्यभर मी पीळ देऊन धागे जोडले होते. सोडवण्याची वेळ कधी आली नव्हती. परंतु जो पीळ देणे जाणतो त्याने पीळ काढणेही जाणले पाहिजे, असे मी मनाशी म्हटले आणि बोटांस राख लावली. भागीरथीने सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब पायावर सोडला. मी धागा ओढला नाही. पिळाच्या उलट दिशेने केसाएवढा मागे ढकलला. पहिला वेढा हलला. दुसरा सैल झाला.

"धीरे, धीरे," छगनभाई पुटपुटत होते. त्यांच्या कपाळावरील घाम भिंगावर टपकला, तो त्यांनी धोतराने पुसला आणि पुन्हा हात स्थिर केला. नऊ नंबरचा माग त्या वेळी कुणालाच आठवत नव्हता.

सहावा वेढा सुटला तेव्हा उन्हे भिंतीच्या अर्ध्यावर आली होती. पायावर लाल रेघ होती. तीन बोटे उघडली, एक वाकडेच राहिले. भागीरथीने हात लिंबाजवळ नेला. पिलू कापसात बसूनच राहिले, आणि मला वाटले, आपण उशीर केला. तेवढ्यात आईने हाक मारली. पिलू उठले, डुलले आणि सरळ काट्यांत जाऊन बसले.

भागीरथीने पदर डोळ्यांस लावला. छगनभाईंनी भिंग मिटून खिशात टाकले आणि म्हणाले, "चाल, बेस सायकल पर."

कारखान्याच्या दारात शेठजींनी विचारले, "क्यां हता?"

"अरजंट सांधणी हती, शेठ," छगनभाई म्हणाले आणि न थांबता आत गेले.

दुपारच्या सुट्टीत न उठता मी नऊ नंबरचा ताणा पुरा केला. संध्याकाळी माग चालला तेव्हा कापडात एकही दोष नव्हता.

त्याच दिवशी मी परसूतला हिरवा धागा एकूण एक वेचून जाळला आणि ज्यांना ज्यांना आणून घरटे दाखविले होते त्या सर्वांस माझी चूक सांगितली. सांगताना लाज वाटली, पण न सांगता दुसऱ्या कोणी पक्ष्यांसाठी नायलॉन बांधला असता तर त्याचे पाप मलाच लागले असते. पंधरवड्याने त्या टांगलेल्या परळाच्या काठावर एक लहान शिंपी पाणी पिताना दिसला. त्याच्या पायाचे एक बोट वाकडे होते. मी भागीरथीस हाक मारली. या खेपेस तिला माझी हाक लगेच ऐकू आली.

पुढील वर्षी तिने स्वतः लिंबाला कापसाचा पुंजका बांधला. वांग्याच्या पानाची शिवण पांढरी झाली. आमच्या खानदेशचा कापूस सुरतेच्या पक्षिणीने वापरला, आणि त्यातून पाच पिले सुखरूप उडाली. आज त्या गोष्टीस सात वर्षे झाली, परंतु छगनभाई अजूनही नव्या कामगारास आमच्या परसूत आणतात आणि सांगतात, "शालिगरामनां आंगळां जो. पण भिंग मारुं हतुं, हां!" ते खरेच आहे, म्हणून मीही मान डोलावतो. भागीरथी आतून म्हणते, "अन् हात कोना व्हता?"

वाचकहो, माझ्या बोटांनी आजवर लाखो धागे जोडले. त्यांतील एकही माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. परंतु एक धागा मी सोडवला, आणि त्यामुळे एक पक्षी उडाला, एवढा अभिमान या गरिबास पुरेसा आहे. आपण ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
शालिग्राम उखा बाविस्कर
सांधणी कामगार, उधना, सुरत