निळ्या सदऱ्याचा तुकडा

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी सोजरबाईकडे तुकडा मागायला कोणी आलं नाही.

सदरा तिनं केव्हाच धुऊन, घडी घालून ट्रंकेवर ठेवला होता. निळा, रेल्वेचा. तिचा नवरा शालिग्राम जऊळक्याच्या रुळांवर गँगमन होता. तेहतीस वर्षं रूळ ठोकत हिंडला आणि यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजेवर बसून चहा पिता पिता गेला. ख्रिस्ती माणसाचं नाव शालिग्राम कसं, असं बाहेरून आलेले पाळक हमखास विचारत. "बाप ख्रिस्ती झाला, नाव बदलाचं राहून गेलं," एवढंच सांगून तो घंटा वाजवायला निघून जाई. चर्चची घंटा त्याच्याकडे होती. आता ती सोजरबाई वाजवते.

स्टेशनामागच्या वस्तीत ख्रिस्ती लोकांची ही लहानशी मंडळी. एके काळी चाळीस घरं होती. कोणी पुण्याला गेलं, कोणी नागपूरला, आणि उरली नऊ. पाळक वाशिमहून मोटरसायकलवर येतात. आले तर उपदेश, नाही आले तर नुसती गाणी. छपराचे पत्रे गळतात, पेटीचे दोन सूर बसलेत. पण एक गोष्ट या नऊ घरांनी सोडली नाही, ती म्हणजे नाताळची वाकळ.

जुन्या लुगड्या-सदऱ्यांचे तुकडे जोडून केलेली वाकळ कोणाच्या घरी नसते? पण मंडळीच्या वाकळीचं शास्त्रच वेगळं, आणि ते घालून दिलं सोजरबाईच्या सासूनं. दिवाळी झाली की महिला संघाच्या बायका घरोघर जाऊन एकेक तुकडा मागतात. त्या वर्षी कोणी देवाघरी गेलं असेल तर त्याचा कपडा मधोमध लागतो. नाताळच्या उपासनेनंतर ही वाकळ द्यायची ती ज्या घरात यंदा थंडी जास्त, त्या घराला. ते घर मंडळीतलंच पाहिजे असं नाही. कोणतं, ते आधी फोडायचं नाही. ज्या घरी ती जाणार त्या घरचा तुकडा घ्यायचा नाही, आणि मागितल्याशिवाय कोणी तुकडा आणून द्यायचा नाही. कोरोनाच्या साली बायका एकमेकींच्या दारात जाऊ शकल्या नाहीत, तर चर्चच्या पायरीवर टोपली ठेवून तुकडे गोळा केले. खंड पडू दिला नाही.

हे नियम सोजरबाईला तोंडपाठ. चाळीस वर्षं तिनंच ते सगळ्यांना शिकवले आणि कोणी चुकलं तर चारचौघींत फटकारलं. स्वभावच तसा, नाकावर माशी बसू द्यायची नाही. तेव्हा यंदा मधोमध शालिग्रामचा निळा तुकडा लागणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. माणूस गेल्यावर मागे काय राहतं? रेल्वेनं त्याच्या जागी दुसरा माणूस केव्हाच लावला होता. पोरगा विकास चाकणच्या कंपनीत, रविवारी फोन करून "आई, इकडं ये" म्हणायचा, आणि ती "येईन" म्हणायची. वाकळीत मधोमध लागणं, एवढाच मान शालिग्रामचा उरला होता. तो तिला हवा होता, आणि मागून घ्यायचा नव्हता.

सकाळी मात्र तिच्याकडून रोज एक चूक होई. पहाटे उठून चुलीवर ती दोन कप चहाचं पाणी ठेवी. उकळी आली की ध्यानात येई. मग आपला चहा पिऊन दुसरा कप परसातल्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतून टाकी. उद्यापासून एकच कप ठेवायचा, असं रोज ठरवी. जित्याची खोड, जाते कुठं?

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर तिनं योगिनीला गाठलं. योगिनी गावची आशा कार्यकर्ती आणि महिला संघाची सेक्रेटरी. सुई कशी धरायची हे तिला सोजरबाईनंच शिकवलेलं.

"वाकळीचं कुठवर आलं वं?"

"व्हऊन राह्यलं मावशी."

"यंदा माह्या आंगणात नाई बसल्या तुमी."

योगिनीनं पदर सारखा केला. "तुमच्या डोयाले तरास व्हते. म्हटलं, कायले बुढीले तकलीफ द्या. माह्याच घरी बसून राह्यलो आमी."

डोळ्यांचं खोटं नव्हतं. मोतीबिंदू पिकत आला होता. पण चाळीस वर्षं जी वाकळ आपल्या अंगणात उन्हात पसरली जायची, ती दुसऱ्याच्या घरात शिवली जातेय आणि आपल्याला कोणी बोलावतही नाही, हे सोजरबाईला फार लागलं. दोन दिवसांनी ती मुद्दाम योगिनीच्या घरावरून गेली. आत बायका हसत होत्या. हिची चाहूल लागली तसं हसणं थांबलं, आणि कोणीतरी घाईघाईनं काहीतरी पलंगाखाली सारलं. "या ना मावशी, च्या घ्या," योगिनी म्हणाली. "नाई, कामात हाये," म्हणून सोजरबाई पुढं गेली. काम काहीच नव्हतं. स्टेशनापर्यंत जाऊन ती बाकावर बसली, एक मालगाडी गेली, मग घरी आली.

वाकळ कोणाला जाणार, याचा अंदाज मात्र तिनं बांधला होता. शेजारच्या अमीनाबीला. पावसाळ्यात अमीनाबीच्या घराची मागची भिंत बसली होती, आणि तिथं नुसती ताडपत्री बांधलेली होती. योग्य घर निवडलं, असं सोजरबाईनं मनातल्या मनात महिला संघाला शाबासकीही देऊन टाकली.

एके दिवशी सकाळी दोघी ओट्यावर कोवळ्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासूनचा दोघींचा शेजार. अमीनाबी सहज बोलून गेली, "माह्या हिरव्या ओढणीचा तुकडा नेला ना योगिनीनं. मी म्हटलं, आमचा चालते का बाई तुमच्या वाकळीत? तर म्हणे, यंदा तुमचा पाह्यजेच."

एवढं बोलली आणि तिनं जीभ चावली. "तौबा! सांगू नोको म्हटलं व्हतं तिनं."

सोजरबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. आता खरं तर, नियम पाठ असणाऱ्या बाईनं इथं दोन आणि दोन चार करायला हवे होते. अमीनाबीचा तुकडा घेतला, म्हणजे वाकळ अमीनाबीची नाही. मग ती कोणाची? तुकडा कोणाचा घेतलेला नाही? पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. सोजरबाईनं आजवर वाकळी दिल्या होत्या. घेणारी माणसं वेगळी असतात, अशी तिची पक्की समजूत होती. तिला एवढंच दिसलं की, मंडळीबाहेरच्या बाईची ओढणी चालली आणि शालिग्रामचा सदरा कोणाला आठवला नाही.

"घरात चूल जळते माही," असं म्हणून ती उठली. चूल पेटवलेलीच नव्हती.

त्या रविवारी ती चर्चला गेली नाही. उभ्या आयुष्यात तिनं बाळंतपणाखेरीज रविवार चुकवला नव्हता. शालिग्राम घंटा वाजवायचा ती तीन ठोके, मग श्वासभर थांबून पुन्हा तीन. मरेपर्यंत त्यात फरक पडला नाही, आणि तिनंही तीच रीत धरली होती. त्या दिवशी कोणीतरी ती शाळा सुटल्यासारखी बडवली. सोजरबाई शाल गुंडाळून बाजेवर बसून ऐकत होती. ट्रंकेवर सदरा होता.

"पाह्य," ती सदऱ्याला म्हणाली. "इसरले तुले."

दुपारी योगिनी आली. "बरं नाई का मावशी?" "बरं हाये," म्हणून सोजरबाईनं दार लोटून घेतलं. योगिनी थोडा वेळ दाराबाहेर उभी राहिली आणि गेली. पावलं दूर गेल्यावर सोजरबाईला वाटलं, हाक मारावी. मारली नाही. पुढचे दिवस ती फक्त विकासशी बोलली, आणि त्याच्याशीही काय, "जेवली का?" "जेवली."

नाताळच्या सकाळी मात्र तिनं वेगळंच ठरवलं. नियम गेला खड्ड्यात. वाकळ कोणाच्याही हातात जाण्याआधी शालिग्रामचा तुकडा तिच्यात लागला पाहिजे. पिशवीत तिनं सदरा घातला, कात्री घातली, सुईदोऱ्याचा डबा घातला, आणि धुक्यात चालत जाऊन सगळ्यांच्या आधी घंटा वाजवली. तीन ठोके, श्वासभर थांबून पुन्हा तीन.

चर्चमध्ये कागदी पताका लावल्या होत्या, कोपऱ्यात कडब्याची गव्हाण केली होती. नऊ घरांतली सगळी माणसं आली, आणि नाताळच्या जेवणाचं आवतण होतं म्हणून अमीनाबीही आली, ती दाराशी चपला काढून मागं बसली. गाणी झाली, उपदेश झाला. योगिनीनं चादरीत बांधलेली वाकळ पुढं आणून ठेवली. पाळकांनी खिशातून चिठ्ठी काढली.

"थांबा," सोजरबाई उठली. "नाव मंग वाचा. अगुदर मले सांगा. चाळीस वर्सं मी ह्या वाकळीले टाके घातले. माह्या माणसानं जलमभर घंटा वाजवली. तो यंदा गेला. त्याचा तुकडा काहून नाई मागतला कोणी? अमीनाबीची ओढणी चालते, अन त्याचा सदरा चालत नाई?"

पाळकांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग योगिनीकडे. योगिनीचे डोळे भरून आले होते.

"मावशी, ज्याच्या घरी वाकळ जाते, त्याच्या घरचा तुकडा घेत नाईत. तुमीच शिकवलं."

समजायला सोजरबाईला क्षणभर वेळ लागला. मग तिचा चेहरा तापला. आजवर तिनं कितीतरी जणांच्या हातात वाकळ ठेवली होती. घर जळालेल्या माणसाच्या, नवऱ्यानं टाकलेल्या पोरीच्या. घेताना सगळेच खाली पाहायचे. आनंदानं, असं तिला वाटायचं.

"मले कायले?" ती म्हणाली. "माह्या घरी दोन रजया हायेत. भिती पक्क्या हायेत. पोरगा कमावते. अमीनाबीले द्या, तिची भित पडली."

मागून अमीनाबी बोलली, जरा चिडूनच. "माह्या भितीले इटा येऊन पडल्या. पंधरा दिवसात उभी राह्यते ते. अन तू? रोज सकायी लिंबाच्या बुडी कपभर च्या ओतून राह्यली. मले काय दिसत नाई?"

आता सगळ्यांना कळलं. सोजरबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. पोळ्यापासून ती कोणासमोर रडली नव्हती. मयतीतसुद्धा पाहुण्यांना चहा देत फिरली होती. ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

योगिनीनं वाकळ उलगडून तिच्यापुढं पसरली. बाकीच्या आठ घरांचे तुकडे आठ, अमीनाबीचा नववा. पण ही तर केवढी मोठी वाकळ! सोजरबाईनं डोळे पुसून जवळून पाहिलं. कॉलेजच्या गणवेशाचा, नर्सच्या पांढऱ्या साडीचा, कोणाच्या तरी लग्नातल्या शालूचा.

"हे कोणाचे?"

"गाव सोडून गेले त्यायचे. फोन केले समद्यायले. म्हटलं, शालिग्रामकाकाच्या घरची वाकळ हाये. कोणी एसटीनं पाठवला, कोणी रेल्वेनं. नागपूरची रोझी म्हणे, त्यायची घंटा आयकूनच आमी उठत होतो."

अडतीस तुकडे होते. आणि मधोमध, जिथं गेलेल्या माणसाचा कपडा लागतो तिथं, नुसतं पांढरं कापड. ती जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नव्हती.

सोजरबाईनं पिशवीतून सदरा काढला. खिशाचा भाग धरून कात्री चालवली आणि तो चौकोन पांढऱ्या कापडावर ठेवला.

"नियम मोडून राह्यला मावशी," योगिनी हळूच म्हणाली.

"मोडू दे. सासू भेटली वरती, तं पाह्यतो मी तिच्याकडं."

सुईत दोरा काही जाईना. दोनदा, तीनदा. शेवटी वर न पाहता तिनं सुई योगिनीपुढं धरली. योगिनीनं दोरा ओवून दिला. मग चारही बाजूंनी टाके घालून होईपर्यंत मंडळी बसून राहिली. पोरं चुळबुळली, बाहेर भाताचं पातेलं निवलं, पाळकांना वाशिमला परतायची घाई होती. कोणी उठलं नाही. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला, वाकळ दोन्ही हातांवर घेतली आणि खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. सोजरबाई उठली आणि चुलीवर पुन्हा दोन कपांचंच पाणी ठेवून बसली. उकळी आल्यावर ध्यानात आलं. ती परसात गेली, लिंबापाशी थांबली, आणि मग भिंतीवरून हाक दिली.

"अमीनाबी! च्या घे. जास्त झाला."

"रोजच जास्त व्हते तुह्या घरी," असं म्हणत अमीनाबीनं कप घेतला.

सोजरबाई आत आली. बाजेवर वाकळ तशीच पसरलेली होती, निळा तुकडा वर. घडी घालायला हवी होती. ती बाजेच्या कडेला बसली आणि तिनं बराच वेळ घडी घातली नाही.