पाहुणीची गाय

सरकारनं कम्यून, म्हणजे डोंगरातल्या गावांची पंचायत, मोडली तेव्हा वरच्या गावात कुणी रडलं नाही. कम्यूनचं ऑफिस म्हणजे ओढ्यापलीकडची एक खोली, खोलीत एक शेगडी आणि शेगडीला चिकटलेला अध्यक्ष जेलोश. गरिबांची सरकारी मदत त्याच्या हातात. कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्याला धुरावरून कळायचं आणि मत कुणी दिलं नाही हेही कळायचं. मग सुधारणा झाली. आसपासच्या सगळ्या कम्यूनी मिळून खाली शहरात एकच नगरपालिका झाली आणि मदत आता ओळखीवर नाही, गुणांवर मिळणार असं ठरलं. गरिबीचे गुण. जितका गरीब तितके जास्त. ऐकायला झकासच होतं. फक्त नवी तपासणी होईपर्यंत जुनी मदत बंद झाली आणि द्रानेच्या पिठाच्या पेटीचा तळ दिसू लागला.

घरात द्राने आणि तिचा नवरा मराश, दोघंच म्हातारी. मुलगा ग्रीसला गेला तो तिकडचाच झाला. गोठ्यात एक गाय. मदत मिळाली तर हिवाळा निघेल, नाही मिळाली तर गाय विकायची, आणि गाय विकली की पुढच्या हिवाळ्याचं नावच काढायला नको.

"उद्या तपासायला नगरपालिकेची बाई येतेय," द्राने म्हणाली. "चुलीवर काही चढवू नका. आहे तसं दिसू दे तिला."

"उंबऱ्याच्या आत येणार?"

"मग काय धुराड्यातून बघेल?"

"मग ती पाहुणी झाली," मराश म्हणाला आणि उठून कोंबडी पकडायला गेला. एकच उरली होती.

द्रानेनं कपाळावर हात मारला. जेलोश आला असता तर काही प्रश्न नव्हता, त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. पण परकं माणूस दारात आलं आणि त्याच्यापुढे काही ठेवलं नाही, तर या अल्बानियाच्या डोंगरात माणूस मेल्यावरही त्याला नावं ठेवतात. त्यात मराश म्हणजे सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

बातमी शेजारीपाजारी गेली. झेफनं चार खुर्च्या आणल्या. प्रेंडानं सोनेरी काठाचे कप आणले, न मागता साखरही आणली. कुणी गालिचा अंथरला. कुणी टीव्ही आणून ठेवला. वीज नव्हती, पण टीव्ही होता.

"अगं, मला गरीब दिसायचंय!" द्राने ओरडली.

"गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, द्राने," प्रेंडा म्हणाली.

"आणि माझ्या भुकेचा?"

"ती आत ठेव. पाहुणी जाईपर्यंत काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी ब्रिकेना आली. तरुण पोरगी, बुटांत चिखल, हातात नगरपालिकेचा टॅब. मराशनं छातीवर हात ठेवून तिला आत घेतलं, गालिच्यावरच्या खुर्चीत बसवलं, राकीची दारू ओतली, कोंबडी पुढे सरकवली. ती खोलीभर बघायची आणि टॅबवर बोट टेकवायची. एकेक बोट टेकलं की द्रानेला एकेक भाकरी गेल्यासारखी वाटायची.

"टीव्ही?"

"आहे," मराश म्हणाला.

"गालिचा?"

"दिसतोय की, पोरी. राकी घे आणखी."

"आजोबा, तुमचे गुण घसरत चाललेत."

"घसरू देत. तंगडी घे."

ब्रिकेनानं टॅब मांडीवर ठेवला. "हे सगळं तुमचंच ना? नीट सांगा. मला लिहायचंय."

आता मात्र मराश कात्रीत सापडला. तो जन्मात खोटं बोलला नव्हता, आणि उसनं आणलंय म्हणून पाहुणीपुढे सांगणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

द्रानेला एकदम सुचलं. "अहो, सांगा की तिला. पाहुणा घरात असला की घरातली वस्तू कुणाची?"

"पाहुण्याची! हे काय विचारणं झालं?"

"शब्द देता?"

"दिला शब्द."

"लिही पोरी. टीव्ही तुझा, गालिचा तुझा, गोठ्यातली गाय तुझी. आमचं इथं काही नाही."

ब्रिकेनानं तिच्याकडे पाहिलं. मग त्या कपांकडे पाहिलं; सकाळी प्रेंडाकडे तिला साध्या कपात कॉफी मिळाली होती, पण बशी याच सोनेरी काठाची होती. "माझी आजी असल्याच डोंगरातली," ती म्हणाली आणि टॅबवरचं एकेक खोडत गेली. "गाय, नाही. लिहिलं."

द्रानेला वाटलं, जिंकलो. पण पाहुणी निघाली तेव्हा मराशनं गाय सोडली आणि दावं तिच्या हातात दिलं.

"आजोबा, मी गाय ऑफिसात कुठं बांधू?"

"मग तुझी म्हणून इथं सांभाळतो," मराश म्हणाला.

मदत मंजूर झाली. दुसऱ्या दिवसापासून मराशनं दह्याचा वाडगा बाजूला सारला. "दुसऱ्याचं आहे," म्हणाला. द्रानेनंही ताक प्यायचं नाही. सगळं दूध विरजायचं, चीज करायचं, आणि दर शुक्रवारी तो ते व्हॅननं शहरात पोचवायचा, मालकिणीसाठी. दारावरचा पहारेकरी म्हणायचा, "ठेवा, आत देतो." व्हॅनचं भाडं जाऊन मदतीतलं जेमतेम पीठ येईल एवढंच उरायचं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. द्रानेच्या गालांची हाडं वर आली आणि पहारेकरी अंगानं भरला.

शेवटी एका शुक्रवारी ती नवऱ्याबरोबर निघाली. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभं राहून तिनं ब्रिकेनाच्या नावानं अशी हाक मारली की दोन खिडक्या उघडल्या.

ब्रिकेना धावत आली. "कसलं चीज? मला आजवर तुकडा मिळाला नाही!"

पहारेकरी आभाळाकडे बघू लागला.

द्रानेनं सगळं सांगितलं. "बाई, तू तुझी गाय घेऊन जा. मला हिचा जाच सोसवत नाही."

ब्रिकेनानं पहारेकऱ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग मराशकडे वळून म्हणाली, "आजोबा, गाय माझी ना?"

"शब्द दिलाय."

"मग मालकीण म्हणून सांगते. चीज इकडे आणायचं नाही. दूध, दही, जे निघेल ते तुमच्या घरात जो भुकेला असेल त्याला घालायचं."

"हुकूम?"

"हुकूम."

मराशनं मान तुकवली. तिथंच पायरीवर बसून त्यानं चीजचं फडकं सोडलं, मोठा तुकडा कापला आणि बायकोपुढे धरला. "खा. मालकिणीचा हुकूम आहे."

द्राने खायला लागली. खाता खाता रडत होती, आणि येणारे जाणारे बघतायत याचं तिला काही वाटलं नाही.

"तुम्ही?" तिनं विचारलं.

"भुकेला असेल त्याला घाला, म्हणाली ती. मला भूक नाही."

"नाही ना? मग द्या शब्द."

मराशनं रस्त्याकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं. मग तोंड दुसरीकडे वळवून त्यानं चीजसाठी हात पुढे केला.