घोड्याच्या तोंडी दिलेला वजीर

मी एक जुना काळा वजीर आहे, आणि मित्रांनो, या थोरलीने आज माझ्याशी जे केलं ते मी काही गिळून बसणार नाही.

नाव पुरुषी असलं तरी मी बाईच. राजा एकेक घर टेकत चालतो आणि अख्खा पट धावून मी सांभाळते, एवढ्यावरून ओळखा! एका म्हाताऱ्या कातार्‍याने मला शिसवी लाकडातून काढलं आणि "हिचा तोरा बघ" म्हणून बायकोला दाखवलं. तेव्हापासून मी या बुद्धिबळाच्या वर्गात आहे. मुकुटाचा एक दात उडालाय. मेल्या पोरांनी मला खिडकीच्या फटीतसुद्धा कोंबलं होतं. सोसलं.

ही थोरली आणि तिची धाकटी बहीण, दोघी माझ्याच पटावर शिकल्या. थोरलीने धाकटीकडून एक सुरुवात दोन्ही बाजूंनी घोटून घेतली होती. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं काढलं की काळ्याने वजिरापुढचं भिडवायचं. प्याद्यांची मारामारी झाली की मी भर पटावर येते आणि पांढरा घोडा माझ्या अंगावर येतो. "घोडा आला की आधी वजीर कडेला, बाकीचं मग!" असं म्हणत थोरली तिला टपली मारायची.

आज वर्गाच्या संघात एकच जागा उरली होती आणि शेवटचा डाव या दोघींचाच. जिंकेल ती जाणार. सोंगट्या मांडताना आई थोरलीला हळूच म्हणाली, "तू मोठी आहेस ना? जरा समजून घे."

थोरलीकडे काळी बाजू आली आणि डाव त्याच सुरुवातीने लागला. मी बाहेर आले, घोडाही आला. आता मला कडेला नेतील म्हणून मी वाट बघतेय, तर थोरलीने कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलं आणि घड्याळ दाबलं!

"ताई, अगं वजीर..." धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"डाव चालू असताना बोलायचं नाही," पंच म्हणाले.

धाकटीने घोड्याने मला मारलं आणि उचलून पटाबाहेर ठेवलं. पुढे डाव कसला, नुसतं ओझं वाहणं. शेवटी थोरलीने हार मानली आणि हसत हात पुढे केला. धाकटीने तो घेतला नाही.

"तू माझ्याशी खेळलीच नाहीस, ताई. मी कुणाला हरवलं म्हणून सांगू?"

थोरलीचं हसू मावळलं. मी पटाबाहेर आडवी पडले होते, तिथूनच तिला म्हणाले, "थोरले, माझा जीव गेला त्याचं मला काही नाही, वजिराचा जन्मच तो. पण पोर तुझ्याशी लढायला आली होती आणि तू तिला भीक वाढलीस. असली माया करायची असेल, तर पुन्हा पटावर बसू नकोस."