खेकड्याचा नमस्कार

मी फिल्म बोलतेय, एका स्वस्तातल्या सिनेमाच्या शेवटच्या रिळातली. माझी आधीची भावंडं कुठे गेली देव जाणे. शेवट तेवढा माझ्यापाशी राहिला.

माझा जन्म सिंगापूरच्या पुलाउ उबीन बेटाच्या किनाऱ्यावरचा. माणसं खाणारा राक्षसी खेकडा हा आमचा हिरो, आणि रक्त म्हणजे टोमॅटो सॉस! त्या रबरी कातड्यात शिरायला कुणी धजेना, तेव्हा बोटीवरचे तरुण इंजिनियर गोपीनाथराव पुढे झाले. मूळचे रत्नागिरीचे. ड्राइव्ह-इनच्या पडद्यावर मी लागले की मोटारींतली माणसं किंचाळायची आणि किंचाळता किंचाळता शेंगदाणे खायची. माणसाला घाबरायलासुद्धा तोंडात काहीतरी लागतंच!

ड्राइव्ह-इन बंद पडलं, तेव्हा गोपीनाथरावांनी मला भंगारातून उचलून आणलं. पुढे सिनेमे मोबाइलवर आले आणि मी कॉन्डोच्या स्टोअररूममध्ये लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडले.

"आजोबा, ब्लफ करू नका ला! खेकड्याच्या आत कोण आहे, कुणाला दिसतंय?" सिंगापुरी 'ला' जोडून नात इरा हसायची. हळूहळू त्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. उबीनच्या बोटीत चढण्याआधी मात्र ते अजून वाकून समुद्राचं पाणी कपाळाला लावत. त्यावरही इरा ओरडायची, "चला ना, लोक बघतात!"

म्हातारपणी फिल्मला आंबूस वास सुटतो. मलाही सुटला. शेजारच्या सुरेखाताई दार उघडं दिसताच आत आल्या.

"अगं चैताली, लोणचं बिघडलंय तुझं! लिफ्टपर्यंत वास येतोय."

चैताली म्हणजे गोपीनाथरावांची सून; बिचारीनं चांगल्या बरण्या फेकल्या, तरी वास जाईना. शेवटी माझा डबा सापडला. तो कचऱ्यात निघालाच होता.

"थांब, बघू तरी!" सुरेखाताईंनी झाकण उघडलंच. लोकांचे डबे उघडायची त्यांना भारी खोड. त्या खोडीला उदंड आयुष्य लाभो! लिफ्टमधल्या प्रत्येकाची चौकशी केलेली, त्यामुळे सातव्या मजल्यावरचे मिस्टर टॅन जुन्या फिल्म जमवतात, हे त्यांना पाठ. टॅननी मला हुंगलं. म्हणाले, "आत्ताच दाखवली तर चालेल. पुढे ही टिकायची नाही."

शनिवारी फंक्शन रूम भरली. गोपीनाथराव मागच्या खुर्चीत, मान खाली घालून. पडद्यावर खेकडा गोळ्या खाऊन समुद्राकडे वळला. लाटेपाशी थबकला. वाकला, नांगीनं पाणी शिवलं, कपाळाला लावलं, आणि मगच पाण्यात शिरला. दुसऱ्यांदा चित्रण करायला फिल्मच नव्हती, म्हणून तो नमस्कार तसाच राहिला होता.

"आजोबा!" इरा खुर्चीवर उभी राहिली. "दॅट्स माय आजोबा ला!"

टाळ्या थांबेनात. "मी म्हणतच होते!" सुरेखाताई म्हणाल्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या, पण असू दे. गोपीनाथराव उठले आणि दोन्ही हातांच्या नांग्या करून सगळ्यांना नमस्कार केला.

टॅननी माझी नक्कल उतरवून घेतली आहे. आता माझं अंग आक्रसलं तरी चालेल, मी जिंकले. तुम्हाला एवढंच सांगते, जुना डबा फेकण्याआधी उघडून बघा. आणि शेजारीण नाक खुपसायला आली, तर खुपसू द्या.